गंधक घातलेलं स्टील

३ फेब्रुवारी, सोमवार

आले! तीनशेतीनचे बार आले!

ट्रान्सपोर्टच्या हापिसातल्या माणसानं पावती मोठ्यानं वाचली — "थ्री नॉट थ्री? ताई, बंदुका मागवल्या काय?" सगळे हसले. मी म्हटलं, "हाव, बंदुकाच हायत. सांभाळून चढवा."

लातुरात स्टेनलेस स्टील म्हटलं की तीनशेचार नंबर. दुसरा आकडा काढला की दुकानदार आपल्याकडं अशा नजरेनं बघतो की जशी काय पोरगी आजारी हाय. तीनशेतीन पुण्याहून मागवावं लागलं. यात मुद्दाम गंधक घालतात. का, तर लेथवर कापायला सोपं जावं म्हणून!

शेडमध्ये बार उतरवले तर रुद्रेश आला, वाकून वास घेतला. खरंच वास घेतला! म्हणाला, "गंधक? दामे, हे स्टील हाय का गजकर्णाचं मलम?"

हा माझा मोठा भाऊ. तोंडावर अण्णा म्हणते, इथं लिहिताना रुद्रेश. मला लेथ येतो, त्याला वेल्डिंग. एमआयडीसीतल्या या शेडमध्ये एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, आणि दारात खुर्ची टाकून आमचे वडील, अप्पा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अप्पा कामाला हात लावत न्हाईत. फक्त बोलतात. आधी कमी बोलायचे, आता सगळा हिशोब पुरा करून राहिले.

४ फेब्रुवारी

पहिला बार लेथच्या चकमध्ये, फिरत्या जबड्यात, धरला. टूल लावलं.

काय सांगू!

तीनशेचारला टूल लावलं की लांबच लांब तार निघते. गरम, धारदार, गुंडाळी होत जाते, थांबायचं नाव न्हाई. चकला अडकते आणि मग चाबकासारखी फिरते. मागच्या दिवाळीत तिनं माझा ॲप्रन ओढला होता, थोडक्यात वाचले. आणि आज? बारीक बारीक चुरा. तूरडाळीची चुणी पडावी तसा, खाली ट्रेमध्ये झरझर. तार न्हाई, किंकाळी न्हाई, टूल गरम न्हाई. कापलेला भाग असा चकचकीत की माझं नाक दिसलं त्यात. (नाक आईसारखंच, अव्वासारखंच आहे. इलाज न्हाई.)

आटे पाडून बघितले. तीनशेचारवर नट मधेच घट्ट बसून रुसतो, मग कापूनच काढावा लागतो. हा कसा सरसर फिरला!

अप्पांना नेऊन दाखवला. त्यांनी नट वर-खाली फिरवला, परत वर, परत खाली. "पोरी, हे तर लई गुणी हाय." मग रुद्रेशकडं बघून, "तुझ्यापेक्षा."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज धर्माबादहून एक बाई आली. बाई कसली, माझ्याच वयाची — पुनम. सकाळच्या एसटीनं निघाली, नांदेडला गाडी बदलली, आणि थेट शेडमध्ये येऊन टेबलावर लोणच्याची बाटली ठेवली. "आधी चाखा, मग बोलू."

चाखलं. अप्पांनी दोनदा चाखलं.

ती आणि तिची आई मिळून लोणच्याचा कारखाना चालवतात. गावातल्या बाया कामाला. कैरीच्या दिवसांत बाटल्या हातानं भरायच्या — मीठ-तिखटात हात घालून घालून बायांची बोटं सोलून निघतात. तिनं मोबाईलवर फोटो दाखवला एका बाईच्या हाताचा. मी मोबाईल लगेच रुद्रेशकडं दिला, त्यानं मात्र बराच वेळ धरून ठेवला.

तिला बाटल्या भरायचं मशीन पाहिजे. वर टाकी, आत ढवळायचा दांडा, खाली नोझल. पायानं दाबलं की मापात लोणचं पडलं पाहिजे. "तोंड मोठं ठेवा बरं का, फोड अडकते. अन् पाडव्यापर्यंत द्या. कैरी कुणासाठी थांबत न्हाई."

हैदराबादवाल्यांनी सांगितलेला भाव तिला झेपला न्हाई. म्हणून आमच्याकडं.

अप्पा म्हणाले, "देतो." आम्हाला विचारलं पण न्हाई.

८ फेब्रुवारी

सकाळी अप्पांकडं शेजारच्या ऑइल मिलचे काका आले होते. मी लेथवर होते, पण कान काही लेथवर नव्हते. अप्पा म्हणत होते, "अक्षय तृतीयेला कागद करून टाकतो. शेड रुद्रेशच्या नावावर. पोरगी काय, आज ना उद्या जाणार. निलंग्याचं स्थळ आलंय."

आज ना उद्या जाणार! मी काय एसटी हाय?

रुद्रेश तिथंच उभा होता. हाव म्हणाला न्हाई, नको बी म्हणाला न्हाई. ग्राइंडर चालू केला.

मी दिवसभर बुश, दांड्यावर बसतात ती नळकांडी, काढले. सगळे मापात आले. राग आला की हात चांगला चालतो माझा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं माझं. पुनमच्या मशीनमधलं जे जे गोल आहे ते सगळं तीनशेतीनचं. नोझल, दांडा, पिना, नट, मुठी. असं मशीन करून देते की अप्पांनी कागदाचा विचार परत केला पाहिजे.

रुद्रेश म्हणाला, "आत लोणचं असणार दामे. मीठ. आंबट. तुझं गंधकवालं गंजणार."

"स्टेनलेस हाय, कसं गंजणार?"

"मलम हाय ते."

नोझल काढले आज. देखणे! ओठ गोल, आतून गुळगुळीत. खिशात टाकून घरी आणलं एक. जेवताना समोर ठेवलं. अव्वा म्हणाली, "पोरी दागिने घालतात, तू नळ घाल."

१५ फेब्रुवारी, शनिवार

दांड्याला पाती जोडायची होती. दांडा माझा, तीनशेतीनचा. पाती तीनशेचारच्या पत्र्याची. आर्गन गॅसवर वेल्डिंग करायला रुद्रेश बसला. त्याचं वेल्डिंग म्हणजे — कबूल करते, इथं कोण वाचतंय — अव्वाच्या करंजीच्या मुरडीसारखं. एकसारखं, सुबक.

झालं. त्यानं हेल्मेटची काच वर केली, बघितलं, खूश. चहा आला. कप तोंडाला लावला तेवढ्यात —

टक्.

सांध्यातून केसाएवढी भेग. आम्ही बघत असतानाच दुसरी.

"बघितलं?" तो म्हणाला. "गंधक! थंड होताना फाटतंय."

"तू तापवलंस जास्त."

"मी? मी जास्त तापवलं?"

मग पुढचं लिहीत न्हाई. अप्पांनी खुर्ची बाहेर नेऊन ठेवली.

१६ फेब्रुवारी

बोलणं बंद.

१८ फेब्रुवारी

बंदच. खडूनं पत्र्यावर लिहून कळवतो एकमेकांना. मी लिहिलं : 'पाती कधी?' त्यानं लिहिलं : 'दांडा बदल, मग.' मी लिहिलं : 'हात बदल.' त्यानं हाताचं चित्र काढलं. चांगलं काढलंय. शहाणा.

अप्पा म्हणाले, "दोघं बी गप असलात की शेडमध्ये घंटा बांधून आरतीच करावी वाटते."

१९ फेब्रुवारी

डोक्यात आलं ते लगेच केलं. रुद्रेश म्हणतो गंजणार? मग बघूच. अव्वा देवळात गेली होती. फडताळात मागं चिनी मातीची बरणी आहे, लिंबाच्या लोणच्याची. झाकण काढलं, माझं नोझल आत सोडलं, चमच्यानं खाली दाबलं, झाकण लावलं, फडकं बांधलं. गाठ अव्वा मारते तशीच, उजवीकडून.

महिन्याभरानं काढायचं, चकचकीत, आणि त्याच्या ताटात ठेवायचं. न बोलता!

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सिद्धेश्वराच्या यात्रेत गेलो सगळे. गर्दी अशी की रुद्रेशच्या शर्टाचं टोक धरून चालले, बोलणं बंद असूनही. त्यानं पण टोक सोडवून घेतलं न्हाई. मोठ्या पाळण्यात बसलो. वर गेल्यावर सगळे लातूर बघत होते, मी पाळण्याची पिन बघत होते. रुद्रेश पिनेशेजारचं वेल्डिंग बघत होता. एकदम नजरानजर झाली. दोघांनी बी डोळे मिटून घेतले.

दर्शन घेताना काय मागितलं ते लिहीत न्हाई. शेडच. लिहिलं शेवटी.

२ मार्च

निलंग्याची मंडळी पुढच्या रविवारी. मुलाचं नाव श्रीशैल, खता-बियाण्यांचं दुकान. अव्वा पडदे धुऊन राहिली.

शेडमध्ये रुद्रेश भंगारातले पाईप तिरके बांधून, त्यांच्या खाली आडवा होऊन वेल्डिंग करून राहिलाय. पुनमच्या मशीनला पाईपच न्हाई! नुसता दिखावा, दुसरं काय.

९ मार्च, रविवार

आजचा दिवस जन्मात विसरणार न्हाई. सगळं क्रमानं लिहिते.

मंडळी दहाला आली. श्रीशैल, त्याची आई, मामा. मुलगा बरा आहे. शांत. बुटाला माती लागलेली होती, ते आवडलं मला. आईनं विचारलं, "काय काय येतं?" मी तोंड उघडायच्या आत रुद्रेश म्हणाला, "आटे लई भारी पाडते." म्हणजे बोलणं बंद असताना माझ्याबद्दल बोलायला चालतं याला! अव्वानं त्याच्याकडं असं बघितलं की तो पाणी आणायला गेला.

मग जेवण. पुरणपोळी, आमटी, भजी. आणि पाहुणे आले म्हणून अव्वानं मुरलेलं लोणचं काढलं. मुरलेलं म्हणजे — मागची बरणी.

मला बरणी दिसली तेव्हा ती पंगतीत पोचली होती.

"अव्वा, ते नको, दुसरं —"

"गप. पाहुण्यांना चांगलं द्यावं."

अव्वानं चमचा घातला, श्रीशैलच्या ताटात वाढलं. टण्!

ताटात लिंबाची फोड. फोडीशेजारी माझं नोझल.

श्रीशैलनं ते दोन बोटांनी उचललं, रस झटकला, भोकातून आरपार बघितलं. त्याच्या आईचा घास हातातच. मामा म्हणाले, "हे काय पुण्याकडची पद्धत हाय का?"

आणि मी — काय बोलले मी! — डोळे मोठे करून ओरडले, "गंजलं!"

गंजलं होतं! तपकिरी ठिपके, कडेला खड्डे पडल्यासारखे. माझं नाक दिसायचं ते नोझल!

रुद्रेश स्वयंपाकघरातून पळत आला. नोझल बघितलं आणि फुटला हसायला. "सांगितलं होतं! मलम! मलम!" पितळी तांब्या हातात, पाणी सांडतंय, हसतोय.

अव्वाला काही कळेना. घाईघाईनं बरणीत परत चमचा घातला, मामांना वाढायला.

टण्.

दुसरं! नोझल न्हाई. एक नट, आणि त्याला पट्टी वेल्डिंग केलेली. दोन्ही तीनशेचारचं. मुरडीसारखं वेल्डिंग. आमच्या घरात असं वेल्डिंग एकच माणूस करतो.

रुद्रेशचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अण्णा," मी म्हटलं, "तू पण?"

"तू कधी टाकलंस?"

"शिवजयंतीला. तू?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी नट हातात घेतला. त्याच्यावर पण ठिपके! माझ्यापेक्षा कमी, पण होते. वेल्डिंगच्या कडेनं ओळीनं. मी त्याला दाखवले. त्यानं माझं नोझल हातात घेतलं. मग आम्ही दोघं पंगतीच्या मधोमध उभं राहून, पाहुणे विसरून, दोन्ही तुकडे उजेडाला धरून बघत राहिलो.

अप्पा हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी. "गुडघा... गुडघा दुखायला लागला रे, हसवू नका."

अव्वा रडायचीच राहिली. "माझ्या लोणच्यात कारखाना काढला या दोघांनी!"

१० मार्च

निलंग्याहून फोन. "मुलगी चांगली हाय. पण जरा..." जरा काय ते सांगितलं न्हाई. अप्पांनी पण विचारलं न्हाई.

दुपारी श्रीशैलचा वेगळा फोन आला, माझ्यासाठी. म्हणाला, "आईचं काही सांगू शकत न्हाई, पण एवढं हसलो नव्हतो किती दिवसांत. नोझलचं पुढं काय झालं, कळवा." भला माणूस. कळवते म्हटलं. लग्न न्हाई करायचं मला, आत्ता तरी न्हाई — हे बोलता बोलता त्यालाच सांगून टाकलं. "मला बी तसंच वाटलं," म्हणाला.

लोणचं टाकून द्यावं लागलं. दोघांना स्वयंपाकघरात बंदी. पाणी सुद्धा अव्वा बाहेर आणून देते, परक्यासारखं.

११ मार्च

बोलणं सुरू! इतकं सुरू की अप्पा म्हणाले, आधीचंच बरं होतं.

पुण्याच्या बारवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग नीट समजावलं. गंधकामुळं चुरा चांगला पडतो, पण त्याच गंधकाच्या बारीक कणांपाशी मीठ आधी पकड घेतं. वेल्डिंग करताना पण तेच आडवं येतं. कोरड्या जागेसाठी हे स्टील — पिना, नट, मुठी, आट्याचं काम. लोणच्याला न्हाई. "आणि तीनशेचार पण नको हो, मिठात किती दिवस टिकणार? तीनशेसोळा घ्या."

म्हणजे मी चुकले. आणि रुद्रेश पण चुकला! मला जास्त आनंद कशाचा झाला ते सांगायला नको.

पुनमला खरं सांगून टाकलं. मला वाटलं चिडेल. म्हणाली, "तुमच्या बरणीत ठिपके आले ते बरं. माझ्या बरणीत आले असते तर माझी आई लातूरला चालत आली असती."

१४ मार्च, धुळवड

रंग खेळले न्हाई. तीनशेसोळाचा बार आलाय. हट्टी! तीनशेचारचा मोठा भाऊ. तार पण लांब, टूल पण खातो. हळू चालवायचं, तेल सोडत राहायचं, मधे थांबलं की पृष्ठभाग कडक होऊन बसतो, रुसल्यासारखा. दिवसभरात एकच दांडा. तीनशेतीनची इतकी आठवण आली!

रुद्रेशनं तार आकड्यानं ओढून काढायचं काम घेतलं अंगावर. न सांगता. कपाळाला हिरवा रंग तसाच.

१७ मार्च

पाती जोडली. तीनशेसोळाला तीनशेसोळा. चहा आला. दोघं कप हातात घेऊन वाट बघत बसलो, टक् कधी होतंय.

झालं न्हाई.

तरी थोडा वेळ बसलो.

२२ मार्च, शनिवार

मशीन उभं राहिलं. आत जिथं जिथं लोणचं लागणार तिथं तीनशेसोळा. बाहेर सगळ्या पिना, नट, मुठी, पायाच्या पट्टीचा बुश — माझं तीनशेतीन! रोज सगळं खोलून धुवायचं असतं, तेव्हा नट अडकून चालत न्हाई. बाईनं ओल्या हातानं, पान्याशिवाय, नुसतं फिरवून काढता आलं पाहिजे. अव्वाला बोलावून तिच्याकडून काढून बघितलं. एका हातानं काढला. म्हणाली, "हे जमलं बघ." आणि आज पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊ दिलं.

३० मार्च, पाडवा

काल टेंपोनं धर्माबादला गेलो, मी आणि रुद्रेश. टेंपोत मशीनला धरून बसलो होतो मागं, कंधारच्या फाट्यापर्यंत गाणी म्हटली.

कारखान्यातल्या बाया भोवती जमल्या. एक जण, तेलुगूत काहीतरी पुटपुटत, मशीनला हळदी-कुंकू लावून मोकळी. पुनमच्या आईनं — चांगुणाबाईंनी — पट्टीवर पाय ठेवला, दाबला. भदाक् करून लोणचं बाटलीत! सगळ्या ओरडल्या. मग प्रत्येकीला एकदा दाबायचं होतं. त्या फोटोतली बाई पण होती. तिनं दाबलं, बाटलीकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं बघितलं. हात कोरडे. पदराला पुसले तरी, सवयीनं.

रुद्रेश बाहेर जाऊन उभा राहिला. डोळ्यात तिखट गेलं म्हणाला.

आज पाडव्याचा दिवस नांदेडपर्यंत एसटीत उभ्यानं गेला, परत येताना. चालतंय.

५ एप्रिल

रुद्रेश धर्माबादला गेला. मशीनचं सर्व्हिसिंग.

११ एप्रिल

परत सर्व्हिसिंग! आठवड्यात काय झालं त्या मशीनला? मी विचारलं तर म्हणाला, "सांधे बघून येतो." सांधे! शर्टाला इस्त्री करून?

मला सगळं समजलंय. पुनम!

अव्वाला सांगितलं. अव्वा आधी म्हणाली, "आपल्यातली न्हाई." मग भाकरी थापता थापता म्हणाली, "लोणचं मात्र चांगलं घालते."

१९ एप्रिल

तिसऱ्यांदा गेला होता, आला दोन दिवसांनी. अव्वानं धर्माबादच्या मिरच्या आणायला सांगितल्या होत्या, विसरला. हैदराबादची उस्मानिया बिस्किटं आणली. धर्माबादला पण मिळतात म्हणे. असतील.

जेवताना मी म्हटलं, "लोणचं वाढू का अण्णा? धर्माबादचं?" तो लाल झाला. अप्पा त्याच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं. मी लई खूश. आता याचं लग्न लावते आणि तो इकडं वेल्डिंगमध्ये गुंतला की —

की काय? शेड तर त्याचीच होणार. अक्षय तृतीया आली. ते विसरलेच होते मशीनच्या नादात.

२७ एप्रिल, रविवार

अप्पांसमोर जाऊन उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "अप्पा, शेड मला पाहिजे. अण्णाला देऊ नका असं न्हाई म्हणत. मला बी द्या."

अप्पा लेथकडं बघत बसले. "तुझ्याच्यानं होतंय सगळं?"

"लेथ होतो. गिऱ्हाईक होतं. वेल्डिंग अण्णा करतो."

"हां," म्हणाले. बस्. हां म्हणजे काय ते सांगितलं न्हाई.

३० एप्रिल, अक्षय तृतीया. बसव जयंती

मिरवणूक बघून आले. कागद झाला न्हाई. अप्पा म्हणाले, "रुद्रेशनं थांबा म्हटलंय." का? त्याला विचारलं तर हेल्मेटची काच पुसत म्हणाला, "सांगतो." मनात म्हटलं, पुनमशी ठरवून मग सगळं एकदम सांगणार. मी पेढ्यांचा भाव पण विचारून आले.

६ मे, मंगळवार

दुपारी पुनम आली. मुठी पाहिजेत अजून, तीनशेतीनच्याच, दुसऱ्या मशीनसाठी. मी हसत हसत म्हटलं, "अण्णा मागच्या महिन्यात तीनदा आले होते की तुमच्याकडं, त्यांच्याजवळ सांगायचं."

ती म्हणाली, "रुद्रेशभाऊ? न्हाई हो. मशीन दिल्यापासून एकदा बी न्हाई आले. बिघडलंच न्हाई तर कशाला येतील?"

संध्याकाळी त्यानं सांगितलं. हैदराबादला जात होता. पाईप वेल्डिंगची परीक्षा — पाईप तिरका बांधतात, माणसानं तो न हलवता सगळीकडून जोडायचा. तो पास झाला. विशाखापट्टणमला जहाजांच्या कारखान्यात नोकरी. मी शेड मागितल्यावर लगेच त्यानं अप्पांना सांगितलं होतं. "मला शेड नको होती गं कधीच. पण नको म्हटलं असतं तर अप्पांनी विकली असती. तू मागितलीस तेव्हा बोलायला तोंड झालं." कागद उद्या. माझ्या नावावर.

मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. शेडमध्ये जाऊन त्याच्या टोकाला उभी राहिले. आर्गनच्या सिलिंडरचा कॉक कुणीकडं फिरवतात ते मला येत न्हाई.

तो मागनं आला. हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं. नाकापर्यंत आलं, काहीच दिसेना. म्हणाला, "डावीकडं फिरव. हळू."